अर्धलीची कोंबडी

आमच्या घरात कोंबड्या आल्या त्या अटीवर आल्या. अट कोंबड्यांची नव्हती, सासऱ्यांची होती.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामा कोल्हारचे. जन्मभर साखर कारखान्यात नोकरी केली आणि सासूबाई गेल्यावर दोन वर्षं तिथल्या घरात एकटेच राहिले. स्वतःच भाकरी थापायचे. ती कशी होते असं विचारलं की पावसापाण्याचं बोलायला लागायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी वेळेवर गाडीत घालून नगरला आणलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे यांना एकटं ठेवू नका, दर वेळी शेजारी घरात असतीलच असं नाही. ह्यांनी ते मामांना जसंच्या तसं सांगितलं, कंपनीतली नोटीस वाचून दाखवावी तसं. "डॉक्टर म्हणतात एकटं राहायचं नाही, तेव्हा तुम्ही आमच्याकडं." मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो. पर कोंबड्या संगं येतील."

मला वाटलं, आजारी माणूस बोलतोय, विसरेल. चौथ्या दिवशी पुतण्याच्या टेम्पोतून मामा उतरले. सोबत एक पिशवी, एक रेडिओ, सासूबाईंचा फोटो आणि जाळी बांधलेल्या पाटीत पाच जीव. चार कोंबड्या आणि एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. माझं तोंड बघून हे घाईघाईनं फोन लावत बाहेर गेले. हे अशा वेळी नेहमी बाहेरच असतात.

आमचं घर सावेडीच्या पुढे रो हाऊसच्या कॉलनीत. पुढं एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा, मागं सहा फुटांची बोळ, आणि शेजारच्या घराशी भिंत एक. तिकडं कुकरची तिसरी शिट्टी झाली की इकडं मी गॅस बंद करायला उठते, एवढं आमचं सख्य. पलीकडं एकट्या राहतात त्या निवृत्त नर्स. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलं, पण वॉर्ड काही अंगातून गेला नाही. सकाळी सहाला त्यांच्या अंगणात फिनेल पडतं, सातला ब्लीचिंग पावडर, आणि आठला त्या फाटकात उभ्या राहून बाकीची कॉलनी किती घाण आहे ते बघतात. अशा बाईच्या भिंतीला लागून आम्ही कोंबड्या पाळणार होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मामांना या सगळ्याची जाण होती, हे मात्र मी कबूल करते. आमचा जुना लोखंडी कूलर गच्चीवर गंजत पडला होता. त्याची मोटर काढून, तीन बाजूंना जाळी मारून त्यांनी त्याचं खुराडं केलं आणि ते सिस्टरच्या भिंतीपासून जास्तीत जास्त लांब, म्हणजे साडेतीन फुटांवर, ठेवलं. चौकातल्या इस्त्रीवाल्याकडून रोज कोळशाची राख आणायची, खुराड्यात पसरायची, सकाळी उजाडायच्या आत शीट गोळा करून माझ्या गुलाबाच्या कुंड्यांत घालायची. वास म्हणून येऊ द्यायचे नाहीत. गुलाब असे माजले की मला त्याबद्दल तक्रारही करता येईना.

शेजार धरून राहावं, हे मामांचं तत्त्व. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सहा अंडी स्टीलच्या डब्यात घालून माझ्या हातात दिली, शेजारी देऊन ये म्हणाले. मी गेले, दिला. सिस्टरनी झाकण उघडलं, परत लावलं आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. चार वर्षं मी त्यांच्या शेजारी राहते, ती माळ रोज बघते. डोकं कुठं गहाण ठेवलं होतं कोण जाणे. अंडी मी परत आणली, डबा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी तो आला. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे सिस्टरही पाळतात. आत ब्लीचिंग पावडरची पुडी होती.

मामांना राग वगैरे काही आला नाही. चांगल्या प्रतीची हाय म्हणाले, आणि बोळीत टाकली.

श्रावण संपता संपता एका पहाटे मागून विचित्र आवाज आला. दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. मी मामांना विचारलं, तर म्हणाले तलंगेचा घसा बसला असंल. दुसऱ्या दिवशी बिजागरी जास्त जोरात कुरकुरली. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघितलं तर तलंग कूलरवर चढून, मान ताणून, सगळ्या सावेडीला उठवत होती. तिला तुरा होता, शेपटीत वाकडी पिसं होती. मी शहरात वाढलेली, तरी मला कळलं. मामा म्हणत राहिले की काही काही तलंगा अशाही असतात.

आठव्या दिवशी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिस्टरचा निरोप आला. प्राणिप्रेमाबद्दल आदर आहे, परंतु पहाटे चार वाजता होणाऱ्या आवाजामुळे रक्तदाबाच्या रुग्णांना त्रास होतो, संबंधितांनी नोंद घ्यावी. संबंधित आम्ही एकटेच होतो. खाली अकरा जणांनी अंगठे दाखवले, त्यातले सात दर रविवारी आमच्याकडून गावरान अंडी नेणारे. मामांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांचं बरोबर हाय, आणि त्या रात्रीपासून कोंबड्यावर डालगं पालथं घालून वर पोती टाकायला लागले. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहत नाही, हे लहान पोरांनाही पाठ असतं. आमच्याकडं उजाडायचंही राहिलं नाही आणि कोंबडं ओरडायचंही राहिलं नाही. फक्त आवाज पोत्यातून आल्यासारखा यायचा.

ह्यांच्या कंपनीतल्या मित्रांनी त्यावर एक उपाय सुचवला, मसाल्यासकट. तो सिस्टरच्या कानावर गेला असावा, कारण संध्याकाळी त्या पहिल्यांदा आमच्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या की तक्रार आवाजाची आहे, त्यापायी कुणाचा जीव जायला नको. झालं. ओरडायचं नाही आणि मारायचंही नाही. शेवटी पुतण्याचा टेम्पो नगरला आला तेव्हा कोंबडं त्यातून कोल्हारला रवाना झालं.

आणि त्याच वेळी, फाटकातच, मामांनी तो प्रकार केला. मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

एक काबरी कोंबडी त्या दिवसांत खुडूक झाली होती. म्हणजे अंडी द्यायची थांबून नुसती बसून राहायची, हात लावला की फुगायची. मामा तिला काखेत घेऊन बाहेर आले आणि कोंबडं गेलेलं बघायला फाटकाशी आलेल्या सिस्टरपुढं धरून म्हणाले, "ही आजपासनं तुमची. म्या अर्धलीनं राखतो."

अर्धली म्हणजे काय हे मलाही त्या दिवशीच नीट कळलं. गावाकडं ज्याच्याकडं शेळी आहे पण राखायला माणूस नाही, तो ती दुसऱ्याला राखायला देतो. शेळी मालकाचीच राहते, करडं झाली की निम्मी-निम्मी. कोंबड्यांचंही तसंच. मामांनी उलटाच डाव टाकला. स्वतःची कोंबडी शेजारणीच्या मालकीची करून टाकली आणि स्वतः तिचे राखणदार झाले. सिस्टर म्हणाल्या, मी माळकरी, मला कोंबडी घेऊन काय करायचं. मामा म्हणाले, खायाला कोन सांगतंय, मालकी घ्या. पिल्लं निघाली की निम्मी तुमची, मग ती विका, वाटा, न्हाईतर सांभाळा.

सिस्टर कोंबडीकडं बघत राहिल्या. त्या मूळच्या कोपरगावकडच्या, आईची कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन लहानपणी बाजारात गेलेल्या, हे पुढं कधीतरी कळलं. त्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं की खुराड्याची स्वच्छता मालकाला तपासता येते का. येते, मामा म्हणाले. तिथं आमची शांतता संपली.

मामांनी कोंबडं होतं तेव्हाची नऊ अंडी बाजरीत पुरून ठेवली होती. ती पाटीत गवतावर मांडली आणि काबरीला वर बसवली. आपली कोंबडी ओळखू यावी म्हणून गावात पायाला रंगीत चिंधी बांधतात. सिस्टरनी गॉजची पट्टी बांधली, तीही अशी व्यवस्थित की काबरीचा पाय मोडलाय असंच बघणाऱ्याला वाटावं. एकवीस दिवसांचा तक्ता करून कूलरला अडकवला. रोज आठ वाजता राउंड. पाणी बदललं का, राख ओली का, कोंबडी खायला कितीदा उठली. मामा हात मागे बांधून उभे राहायचे आणि उत्तरं द्यायचे. जी बाई आवाजानं आजारी पडत होती, ती आता भिंतीवरून विचारायची, बाबा, आज कोंबड्या गप्प का आहेत, ताप तर नाही?

मला हसू यायचं, आणि रागही यायचा. कोंबडं गेलं तरी बोळीत मामा धरून पाच जीव होतेच, आता सहावा यायला लागला. सकाळी साडेनऊला माझी शाळा, त्याआधी डबे, आणि ओट्यापाशी उभं राहून सिस्टर मला सांगणार की तांदळाच्या कण्या संपल्यात. तरी मी गप्प होते. म्हणजे माझ्या मानानं गप्प.

बारावा दिवस असेल. मी नववीचे पेपर तपासायला घरी आणले होते. गठ्ठा कॉटवर ठेवून मी चहा करायला गेले. मागचं दार उघडं राहिलं होतं. येऊन बघते तर दोन कोंबड्या कॉटवर. एक नुसती उभी होती, दुसरीनं निबंधावर आपला शेरा मारून ठेवला होता. नेमका वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीचा पेपर. माझं डोकंच फिरलं. कोंबड्या हाकलल्या, आणि त्याच तिरमिरीत बहिणीला फोन लावला. म्हटलं, हे लटांबर एकदाचं कोल्हारला गेलं ना, तर मी सत्यनारायण घालीन. नोकरी करू, घर करू, की यांची उस्तवार करू. अजूनही बरंच बोलले. बोलता बोलता वळले तर मामा दारात. हातात राखेची बादली.

त्यांनी बादली खाली ठेवली, ओल्या फडक्यानं कॉट पुसली, पेपर उन्हात वाळत घातला आणि मागं निघून गेले.

रात्री जेवताना म्हणाले, दोन दिवसांनी यष्टीनं गावाकडं जाऊन येतो. कोंबड्या पुतण्या नेईल. हे म्हणाले, जा की, हवापालट होईल. हे भोळे. मी त्यांच्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तेव्हा भिंतीवर सासूबाईंचा फोटो नव्हता. जाऊन येणारा माणूस फोटो काढून नेत नाही. तिथं एकट्यानं राहायचं, आणि परत कळ आली तर शेजारी घरात असायला हवेत. हे सगळं माझ्या एका फोनमुळं. मी लटांबर कोंबड्यांना म्हटलं होतं. पण ऐकणाऱ्यानं ते कुणाला लावून घ्यायचं हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे मी मुलांना शिकवते. सरळ सांगायचं सोडून मी तांब्या ठेवला आणि दार ओढून आले.

दुसऱ्या दिवशी आठच्या राउंडला मामांनी सिस्टरना जायचं सांगितलं. सिस्टरनी तक्त्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "बाबा, अर्धली मध्येच मोडत नाहीत. पिल्लं आईवेगळी होईपर्यंत राखणदारानं जायचं नसतं. माझ्या आईनं अशा माणसाला परत दारात उभं केलं नसतं."

मामा म्हणजे शब्द दिलेला माणूस. म्हणाले, व्हय, ते बरोबर हाय. पिशवी परत कॉटखाली गेली, पण फोटो काही भिंतीवर आला नाही.

नवातली सात पिल्लं निघाली. सिस्टरनी ती अशी तपासली की बाळंतपणाच्या वॉर्डातही एवढी तपासत नसतील. एकाची चोच वाकडी होती, त्याला त्या दिवसातून दोनदा बघायला यायच्या. पिल्लं आईवेगळी व्हायला दीड-दोन महिने लागतात. तेवढे दिवस माझ्या हातात होते. रोज सकाळी मी ठरवायची, आज बोलायचं, आणि रोज मामांना भाजी हवी का विचारून विषय संपवायची. तेही गोड बोलायचे, चालंल म्हणायचे. कोंबड्यांनी घरात पाऊल टाकू नये म्हणून त्यांनी मागच्या दाराला फळी ठोकली. ती ओलांडताना त्यांनाच त्रास व्हायचा.

दिवाळी होऊन गेली. काबरीनं एक दिवस पिल्लांना चोच मारून लांब केलं. वाट्याचा दिवस ठरला. अर्धलीत राखणदारानं दोन वाटे करायचे आणि मालकानं आधी उचलायचा, म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. मामांनी दोन पाट्या मांडल्या. एकीत तीन, दुसरीत चार, आणि वाकड्या चोचीचं चारांत. सिस्टरनी चारांची उचलली. मग मामा म्हणाले, माझी तीन बी तुमीच ठेवा, कोंबड्या बी, नकोत तर पुतण्या येतोय उद्या. सिस्टर पाटी घेऊन निघाल्या, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबल्या.

"माझ्याकडं जे कारण होतं ते मी वापरून संपवलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं एखादं असेल तर आता काढा."

मी हात पुसले आणि मामांच्या खोलीत गेले. ते पिशवीत धोतर घालत होते. मला पोरींच्या वर्गात तास-तास बोलायची सवय, पण तिथं तीनच शब्द निघाले. म्हटलं, मामा, जाऊ नका.

ते म्हणाले, "तुला कोंबड्यांचा तरास हुतो. म्या ऐकलंय."

"होतो," मी म्हटलं. "कोंबड्यांचा होतो. तुमचा नाही होत. कोंबड्या जाऊ देत कोल्हारला, तुम्ही राहा. डॉक्टर म्हणतात म्हणून नाही. मला तुम्ही इथं हवे आहात म्हणून."

मामा कॉटवर बसले. धोतराची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोंबड्या तुझ्या सासूच्या गं. मला कुठं आवडायच्या? म्या रोज शिव्या घालायचो त्यांना. पर लेकाच्या घरी नुसतं बसून कसं खायाचं? दोन-तीन अंडी तरी पडत्यात रोज घरात. तेवढंच."

सात महिने हा माणूस आमच्या घरात स्वतःच्या भाकरीपुरतं कमावत होता, पहाटे उठून, राख चाळून, आवडत नसलेल्या पाखरांच्या मागं फिरून. आणि मी विष्ठा मोजत बसले होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मामा अवघडले. माझ्याकडं बघावं की नाही ते त्यांना कळेना. रडणाऱ्या सुनेचं काय करतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी त्यांनी पिशवी पायानं कॉटखाली सारली.

"चहा टाक थोडा," ते म्हणाले. "आणि साखर घाल की नीट. आल्यापासनं पितोय, तुझा चहा लई अगोड असतो बघ."